सोनाक्का साळिंदर आणि बिनमालकाचा खळगा

एका जंगलात सोनाक्का नावाची साळिंदर बाई राहत होती. जंगल कुठलं ते विचारू नका. पत्ता सांगितला की तुम्ही तिथे फोटो काढायला जाल आणि वेफरची पाकिटं टाकून याल.

साळिंदर रात्री हिंडतं, हे मला माहीत आहे. हात खाली करा. या गोष्टीत सगळे दिवसाच हिंडतात. गोष्ट मी सांगतेय, आणि मला रात्री धड दिसत नाही.

सोनाक्काला दोन पिल्लं होती. नवराही होता, पण तो सांगण्यासारखा नव्हता, म्हणून त्याला गोष्टीत घेतलेलं नाही.

तिच्या अंगावर हातभर लांब काटे होते. स्वभाव मात्र साईसारखा मऊ. आईने लहानपणी वळण लावलं होतं. कुणी विचारलं, किती वाढू, तर म्हणायचं, काय असेल ते चालेल. कुणी विचारलं, कुठे बसतेस, तर म्हणायचं, कुठेही चालेल. एकदा तिच्या पायावर गवा उभा राहिला. त्याने खाली बघून विचारलं, "लागलं का?" सोनाक्का म्हणाली, "असू दे, चालेल." पुढे तीन आठवडे ती लंगडत होती. सगळं जंगल म्हणालं, किती गुणाची बाई.

त्या साली रानडुकरांनी तिचं बीळ उकरलं. खाली कंद होते म्हणे. डुकरं कंद खाऊन गेली आणि घराचा खड्डा राहिला. सोनाक्का पिल्लं घेऊन करवंदीच्या जाळीत राहायला गेली. जाळीच्या खालच्या अंगाने बिबट्याची वाट होती. बिबट्या रोज तिथे यायचा, थांबायचा, नाक वर करून वास घ्यायचा आणि जायचा. अजून त्याला नेमकं ठिकाण कळलं नव्हतं. कळायला किती दिवस लागणार होते?

टेकाडावर भागाबाई घोरपडीचं बीळ विकायला होतं. खडकातलं बीळ, तोंड अरुंद, आत दोन खोल्या. बिबट्याचा पंजा आत शिरणार नाही असं. बाहेर पाटी लावलेली: बीळ देणे आहे. साठ गुंजा. पौर्णिमेच्या आत.

पौर्णिमेला चार दिवस होते. सोनाक्काकडे गुंज एकही नव्हती. चिंचोके होते, शंभर.

आता हे नीट ऐका, नाहीतर पुढे "कळलं नाही" म्हणून भुणभुण लावाल. त्या जंगलात दोन नाणी चालत. एक चिंचोका. तपकिरी, जुना, म्हाताऱ्यांच्या विश्वासाचा. दुसरी गुंज. लाल, डोक्यावर काळा ठिपका, तरुणांच्या आवडीची. चिंचोका भाजून खाता तरी येतो. गुंज चावून खाल्ली तर जीव जातो. म्हणून गुंजेला भाव जास्त होता.

तुमच्या घरातले मोठे लोक फोनवर क्रिप्टो का काय ते करतात ना, एक देऊन दुसरं घेतात आणि मग जेवताना कुणाशी बोलत नाहीत, तसंच हे.

पूर्वी ही अदलाबदल कोल्होबा करून द्यायचा. आंब्याखाली गादी टाकून बसायचा. शंभर दिले की त्यातले दहा स्वतःच्या मांडीखाली सरकवायचा. वर कागद मागायचा. पंजाचा ठसा, शेपटीचं माप, बापाचं बीळ कुठल्या ओढ्याला होतं त्याचा दाखला. सापाकडेही त्याने पंजाचा ठसा मागितला. साप तीन वर्षं हेलपाटे घालत होता.

शेवटी जंगल चिडलं. सभा भरली. रावजी नावाचा एक वानर होता, दोन्ही गालांच्या पिशव्या कायम भरलेल्या. तो उंबराच्या फांदीवरून म्हणाला, "तुझं तुझ्याकडे आहे, माझं माझ्याकडे आहे. मग आपल्या मधे हा कोल्हा कशाला?"

"कशाला?" जंगल म्हणालं.

"मालक नको, मुनीम नको, गादी नको. कुणावर विश्वास ठेवायची गरजच नको."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना हात नव्हते त्यांनी शेपट्या आपटल्या. कोल्होबानेही टाळ्या वाजवल्या. त्याने का वाजवल्या हे कुणी विचारलं नाही. तिथेच विचारायला हवं होतं.

मग नदीच्या पात्रातला एक खळगा निवडला. पाण्याने खडकात कोरलेला, रांजणाएवढा खोल. त्यात डाव्या बाजूला चिंचोक्यांचा ढीग, उजव्या बाजूला गुंजांचा. चिंचोके टाकायचे आणि गुंजा घ्यायच्या, किंवा उलट. भाव कुणी ठरवायचा नाही. ढिगाने ठरवायचा. गुंजांचा ढीग उतरला की गुंज महाग. चिंचोक्यांचा उतरला की चिंचोका महाग. त्यात कुणाला काही बोलता येत नाही. ढिगाशी कोण भांडणार?

काठावर एक फळी ठोकली: विकेंद्रित अदलाबदल. मालक कोणी नाही.

सोनाक्का चिंचोक्यांचा बटवा घेऊन खळग्यावर आली. हे शंभर चिंचोके तिने सहा वर्षांत जमवले होते. साळिंदराला कुरतडल्याशिवाय करमत नाही. प्रत्येक चिंचोक्याच्या कडेला तिने आपल्या दाताची एक बारीक खूण केली होती. लक्षात ठेवा.

वाटेत एका दगडावर ससा बसला होता. समोर त्याचा बटवा, घट्ट बंद.

तिथल्या बटव्यांना कुलूप नसायचं. बारा शब्द असायचे. ते क्रमाने म्हटले की बटवा उघडायचा. शब्द कुणाला सांगायचे नाहीत. विसरलात तर संपलं. आईला बोलावलंत तरी उघडत नाही.

"बारावा आठवला का रे?" सोनाक्काने विचारलं.

"जवळ आलोय," ससा म्हणाला. "फळभाजी आहे एवढं नक्की."

"किती दिवस झाले?"

"मागच्या होळीपासून बसलोय. पण बघ, अक्का, चोरीला गेलं का काही? नाही ना?"

खळग्याच्या काठावर टिटवी उभी होती. ती मालकीण नव्हती. नोकरही नव्हती. विचारलं की ती सांगायची, "मी फक्त ओरडते." तिच्यापुढे रांग होती, आणि सोनाक्काचा नंबर आल्यावर सोनाक्काच्या पाठीमागे नेमका तोच गवा उभा राहिला.

"बटवा जोड," टिटवी म्हणाली.

सोनाक्काने मनातल्या मनात बारा शब्द म्हणून बटवा उघडला आणि खळग्याच्या कडेला बांधला.

"द्यायचं काय? घ्यायचं काय?"

"चिंचोके द्यायचे. गुंजा घ्यायच्या."

"कुठल्या गुंजा? गुंजा नावाचे सहा खळगे आहेत."

सोनाक्काने पाहिलं. खरंच, ओळीने सहा खळगे. सहाही लाल दिसत होते. पाचव्यावर तर लिहिलं होतं, खरी गुंज. सहाव्यावर लिहिलं होतं, त्याहून खरी गुंज.

"यातली खरी कुठली, टिटवे?"

"मी सल्ला देत नाही."

आता सोनाक्का भिडस्त होती, मूर्ख नव्हती. हा फरक तुम्ही लक्षात ठेवा, कारण लोक ठेवत नाहीत. तिने प्रत्येक खळग्यावर नाक नेलं. पाचव्यात लाल रंग लावलेली ज्वारी होती. सहाव्यात तीच ज्वारी, पण रंगाचे दोन हात दिलेली. बाकीच्यांतही असलंच काहीबाही. पहिल्यात खरी गुंज होती.

"ह्या," ती म्हणाली.

"बरं. आता खळग्याला तुझ्या बटव्यात हात घालायची परवानगी दे. शंभरापुरती देतेस की कायमची? कायमची दिलीस तर पुढच्या वेळी परत विचारायला नको."

"मला पुढची वेळच नको. शंभरापुरती."

मागचा गवा म्हणाला, "हुशार आहे हो बाई."

पाहिलंत? इथपर्यंत सगळं बरोबर केलं तिने. तुमचे काका इथेच गेले असते.

"आत्ताच्या ढिगाप्रमाणे शंभर चिंचोक्यांना चौसष्ट गुंजा येतील," टिटवी म्हणाली.

सोनाक्काने हिशेब केला. साठ बिळाच्या. वर चार. तिने मनात दोन खोल्यांची वाटणीही करून टाकली. आतली पिल्लांना, बाहेरची आपल्याला.

"मुंग्यांची फुलं आणलीस?"

इथे मुंग्या कशाला, असं विचाराल. माल खळग्यात न्यायचा आणि आणायचा कुणी? मुंग्यांनी. त्या फुकट हलत नाहीत. चिंचोके घेत नाहीत, गुंजाही घेत नाहीत. त्यांना मोहाची फुलंच लागतात. म्हणजे दोन नाण्यांची अदलाबदल करायला तिसरं काहीतरी जवळ असावं लागतं. हे फळीवर लिहिलेलं नसतं. काम झालं नाही तरी फुलं परत मिळत नाहीत. जो जास्त फुलं देईल त्याचं काम आधी.

सोनाक्काने ओंजळभर फुलं दिली. मुंग्यांनी ती मोजली आणि तिला रांगेत मागे टाकलं.

"शेवटचा प्रश्न," टिटवी म्हणाली. "मुंग्या पोचेपर्यंत भाव इकडेतिकडे होतो. चौसष्टच्या जागी त्रेसष्ट आल्या, बासष्ट आल्या, तर घ्यायच्या की नाही? कितीपर्यंत कमी आलं तरी चालेल? आकडा सांग. त्याच्याखाली गेलं की मुंग्या तुझे चिंचोके जसेच्या तसे परत आणतील."

साठ.

एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. बीळ साठचं होतं, बाईंना साठ हव्या होत्या, साठ म्हणून मोकळं व्हायचं.

पण मागे गवा होता. त्याच्या मागे दोन सांबरं होती. सगळे तिच्याकडे बघत होते. "अक्का, आटपा," गवा म्हणाला, तेही अगदी अदबीने. आणि टिटवीने असं मान वाकडी करून विचारलं होतं, जसं पंगतीत वाढपी विचारतो, पळी हातात धरून. चार लोकांसमोर आकडा सांगायचा, याच्याखाली एक गुंज घेणार नाही म्हणायचं, हे सोनाक्काला भांडकुदळपणाचं वाटलं. तिच्या तोंडून सहा वर्षांचे चिंचोके गेले.

ती म्हणाली, "काय असेल ते चालेल, बाई."

टिटवीने तिच्याकडे एकदा पाहिलं. "नक्की?"

"हो हो. असू दे."

या खळग्याची एक रीत होती. सगळं उघड्यावर. लपूनछपून काही नाही. कोल्होबा गादीखाली करायचा, म्हणून इथे प्रत्येकाचा सौदा आधी मोठ्याने ओरडून सगळ्या जंगलाला सांगायचा आणि मगच मुंग्या निघायच्या. टिटवीने चोच वर केली.

"सोनाक्का साळिंदर. शंभर चिंचोके. बदल्यात गुंजा. काय असेल ते चालेल."

हे शब्द डोंगराला आपटून परत आले. उंबरावर रावजी वानर उवा मारत बसला होता. त्याचा हात थांबला.

"काय असेल ते," तो स्वतःशी म्हणाला. "वा."

पुढे काय झालं ते सांगते. सोनाक्काच्या मुंग्या आपल्या जागी उभ्या होत्या. रावजीने टोपलीभर मोहाची फुलं ओतली. मुंग्यांची पहिली रांग तोंड फिरवून त्याच्याकडे धावली. त्याने पोतीच्या पोती चिंचोके खळग्यात ओतले आणि जवळजवळ सगळ्या गुंजा उचलल्या. गुंजांचा ढीग तळाला गेला. गुंज सोन्यासारखी महाग झाली. मग सोनाक्काच्या मुंग्या पोचल्या. शंभर चिंचोके टाकले, मिळेल ते उचललं आणि निघाल्या. त्यांच्या पाठोपाठ रावजीने आपल्या गुंजा परत ओतल्या आणि आपले चिंचोके परत घेतले. वर थोडे जास्त आले. किती जास्त? जवळजवळ शंभर.

सगळं इतक्या वेळात झालं, जितक्या वेळात गव्याने एकदा शेपटी हलवली.

मुंग्यांनी सोनाक्कासमोर तीन गुंजा ठेवल्या.

सोनाक्काने बाकीच्यांसाठी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, "उरलेल्या?"

"एवढ्याच," टिटवी म्हणाली.

"चौसष्ट म्हणालीस ना?"

"तो मघाचा भाव."

"मघा म्हणजे आत्ताच की."

"भाव सरकला, अक्का."

"कुणी सरकवला?"

"रावजीने. तुझ्या आधी घेतलं, तुझ्यानंतर टाकलं." टिटवीने काही लपवलं नाही. तिच्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. "सगळ्यांसमोर झालंय. बघ ना, त्याच्या पोत्यात तुझे चिंचोकेही दिसतायत. दाताची खूण आहे."

सोनाक्काने पाहिलं. होती.

"म्हणजे हे माझे आहेत, हे सगळ्यांना दिसतंय."

"अगदी स्वच्छ दिसतंय."

"मग तक्रार कुठे करू?"

"कुणाकडेच नाही," टिटवी म्हणाली. "मालकच नाही ना कोणी. ते कोल्होबाच्या वेळी होतं. आता आपण स्वतंत्र झालो."

गवा खालच्या आवाजात म्हणाला, "पण अक्का, तुमच्या तीन गुंजा तुमच्याच ताब्यात आहेत. ते महत्त्वाचं."

खळग्याच्या पलीकडे सावलीत कोल्होबा पाय पसरून पडला होता. आता त्याची गादी नव्हती. कागद नव्हते. कुणाशी हुज्जत नव्हती. खळग्यातला निम्मा माल त्याने आणून ठेवला होता आणि प्रत्येक सौद्यातून त्याचा वाटा आपोआप बाजूला पडत होता.

"अक्का," तो म्हणाला, "मी दहाच घेत होतो गं."

त्याला निदान शिव्या देता यायच्या. सोनाक्काने खळग्यात वाकून बघितलं. खळगा काय, दगड.

तिथून ती तडक टेकाडावर गेली. पिल्लांना जाळीतून बरोबर घेतलं, कारण बिबट्याचा ठसा आज जाळीच्या अगदी तोंडाशी उमटलेला होता. भागाबाई घोरपड बिळासमोर बोचकं बांधून बसली होती.

"आणल्यास का गं साठ?"

"तीन आणल्या," सोनाक्का म्हणाली, आणि झालं ते सगळं सांगितलं. "भागाबाई, थोडे दिवस थांबता का? पिल्लांना रात्रीपुरतं तरी आत घ्या."

"मी थांबले असते, पण मला पलीकडे लेकीकडे जायचंय. नदीत कासव आहे ना, ते पाठीवरून नेतं. आज संध्याकाळी निघतंय. पौर्णिमेआधीची ही शेवटची खेप."

"घोरपडीला पोहता येतं की."

"येत होतं. आता पाण्यात कंबर पुढे जाते आणि पाय मागे राहतात. कासवाकडेच जायला हवं. म्हणून तर बीळ विकायला काढलं. ते मेलं जुन्या वळणाचं आहे. गुंज बघत नाही. ऐंशी चिंचोके दे म्हणतं."

सोनाक्का म्हणाली, "चिंचोके?"

"चिंचोके."

"मग तुम्ही साठ गुंजांचं काय करणार होतात?"

"खळग्यावर नेऊन चिंचोके करून आणणार होते. ऐंशी-पंच्याऐंशी आले असते."

सोनाक्काकडे सकाळी शंभर चिंचोके होते. भागाबाईला ऐंशी हवे होते. दोघींच्या मधे चाळीस पावलांची चढण होती, बाकी काही नव्हतं.

"पाटीवर चिंचोके का नाही लिहिलेत, भागाबाई?"

"आजकाल सगळे गुंजाच लिहितात गं," घोरपड हळूच म्हणाली. "चिंचोके लिहिले की लोकांना वाटतं, म्हातारीला काही कळत नाही. तू तरी विचारायचंस ना, चिंचोके चालतील का म्हणून."

"मला विचारायला बरं वाटलं नाही."

"हं," भागाबाई म्हणाली. "मलाही."

एवढ्यात वरच्या झाडावर बसून सगळं ऐकणारा रावजी वानर धप्पकन खाली उतरला. एक पोतं खांद्यावर, गाल दोन्ही फुगलेले.

"भागाबाई, बीळ अजून आहे ना? ऐंशी चिंचोके रोख. आत्ता."

"तुला बीळ कशाला रे? तू झाडावरचा."

"राहायला नकोय. गुंतवणूक. पुढच्या वर्षी दुप्पट होईल." त्याने चिंचोके ओतले. एकेक चिंचोका उन्हात चमकला. कडेला दाताची खूण.

सोनाक्काची पिल्लं म्हणाली, "आई, आपले."

"हो रे बाळा, तुमचेच होते," रावजी गोड आवाजात म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतोय?"

भागाबाईने सोनाक्काकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, आणि चिंचोके बोचक्यात भरले. तिला दोष देऊ नका. तुम्हीही लेकीकडेच गेला असतात. तिने डोळे पुसले आणि सरपटत उतारावर लागली. मुलांनो, घोरपडीच्या डोळ्यांत पाणी येतं का, हे मला विचारू नका. तेव्हा आलं होतं.

"अक्का," रावजी म्हणाला, "मी काही वाईट वानर नाही. नियमाबाहेर एक पाऊल टाकलं नाही. तुला बीळ भाड्याने देतो. दर महिन्याला वीस गुंजा. हवं तर बघून घे. दोन खोल्या आहेत."

"आधी आत बघू?"

"बघ की."

सोनाक्काने पिल्लांना आत ढकललं. मग स्वतः शिरली. आतली खोली पाहिली. कोरडी होती. भिंतीला हात लावला. खडक होता. बाहेरची खोली पाहिली. तिथे ती वळली, म्हणजे तोंड आत आणि पाठ दाराकडे. मग तिने काटे उभे केले.

साळिंदर बिळाच्या तोंडाशी पाठ करून उभं राहिलं की काय होतं, हे तुम्ही पाहिलं नसेल. दार राहत नाही. काट्यांची भिंत होते. बिबट्याही तिथून परत जातो. घरी जाऊन पंजा चाटत बसतो.

"बघून झालं का, अक्का?"

"झालं."

"मग बाहेर ये. भाड्याचं बोलू."

"तू आत ये. आतच बोलू."

रावजीने हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. बोटात काटा होता. त्याने तो उपटला. दुखलं, कारण त्याचे डोळे पाणावले आणि एका गालातल्या गुंजा खाली सांडल्या.

"हे बीळ माझं आहे," तो ओरडला. "मी विकत घेतलंय. सगळ्यांसमोर."

"हो," आतून सोनाक्का म्हणाली. "सगळ्यांना दिसतंय. मी कुठे नाही म्हणतेय?"

तोपर्यंत खालून टिटवी आली होती, गवा आला होता, सांबरंही आली होती. ससाही आला होता, बटवा छातीशी धरून. रावजी टिटवीकडे वळला.

"बघतेस ना? हे बीळ कुणाचं आहे?"

"तुझं," टिटवी म्हणाली. "अगदी स्वच्छ."

"मग मी तक्रार कुठे करू?"

टिटवीने मान वाकडी केली. "कुणाकडेच नाही, रावजी. मालकच नाही ना कोणी. तूच सभेत म्हणाला होतास, उंबरावरून."

रावजीने गव्याकडे पाहिलं. गवा म्हणाला, "बीळ तुमच्याच नावावर आहे, दादा. ते महत्त्वाचं."

ससा मधेच "दोडका" म्हणाला आणि बटव्याकडे बघून मान हलवली.

रावजी बिळासमोर उकिडवा बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "अक्का, वीस राहू दे. पंधरा दे. दहा दे. काहीतरी तर दे."

आतून सोनाक्काचा आवाज आला. तोच मऊ आवाज, आईने वळण लावलेला.

"कितीपर्यंत कमी आलं तरी चालेल, रावजी? आकडा सांग."

रावजीने तोंड उघडलं. समोर हातभर काटे होते, बोटभर अंतरावर. मागे सगळं जंगल बघत होतं. आणि त्यातला एक काटा जरासा थरथरला.

"काय असेल ते चालेल, अक्का," तो म्हणाला.

काट्यांच्या खालून तीन गुंजा घरंगळत बाहेर आल्या.

तात्पर्य, आणि हे वहीत लिहून घ्या: ज्या बाजारात तक्रार ऐकायला कुणी नसतं, त्या बाजाराला नावं ठेवू नयेत. त्यासारखा न्याय दुसरीकडे मिळत नाही. फक्त, त्याआधी आपण बिळात शिरलेलं असावं. ज्यांच्या अंगाला काटे नाहीत त्यांनी कोल्होबाकडेच जावं. तो दहा खातो, पण शिव्या ऐकून घेतो.